गोचीड

वाळपईच्या आरोग्य केंद्रात सिस्टर एस्पेरान्सा
पेन ड्राइव्ह चिमट्यात धरून उभ्या होत्या,
कुणाच्या पोटरीतून काढलेली गोचीड धरावी तशा.
"ह्यानंच आणलं.
सगुणनं पंचायतीच्या मशीनला लावला होता,
काजूच्या सबसिडीचा फॉर्म छापायला."

मी फोंड्याहून स्कूटरवर आलेला.
पडद्यावर फोल्डर नव्हते, नुसते बाण.
दाबला की बाण आणखी एक बाण घालायचा.

"आमचावालाही असाच," सिस्टर म्हणाल्या,
"ना पोट, ना श्वास.
दुसऱ्याच्या घरात शिरतो
आणि त्यांच्याच पिठाच्या
स्वतःच्या भाकऱ्या थापत बसतो."

मी आधी वायर उपटली.
त्यांनी मान डोलावली:
माकड मरून पडलं की
त्याही आधी रानाची वाट अडवतात,
मग पावडर, मग काडी.

हिरवी पट्टी सरकत होती, नऊ टक्के, अकरा टक्के.
बाहेर व्हरांड्यात काजूच्या बाया
घोट्यांना तेल चोळत होत्या
आणि वासाला नावं ठेवत होत्या.

"तुमच्याकडे पुसायचं बटन तरी आहे," त्या म्हणाल्या.
"आमच्याकडे सलाईन.
आणि बारावा दिवस."

चौसष्ट टक्क्यांवर फोल्डर परतले.
गेले नव्हतेच कुठे, लपवले होते फक्त.
तापाची यादी उघडली, तीनशे अकरा नावं.
सत्तेचाळिसावी ओळ: जनी झोरे, वय एकोणीस.
लशीचा पहिला डोस, दुसरा डोस.
तिसऱ्याचा रकाना कोरा.

"रस्ता खचला होता," सिस्टर म्हणाल्या.
मी काही विचारलं नव्हतं.
"जीप आमचीच गेली नाही."

प्रोग्रामनं तेवढ्यात विचारलं:
एक संशयित सापडला. पुसू, की अलग ठेवू?
माझं बोट सवयीनं पुसायकडे गेलेलं.
त्यांनी मनगट धरलं.
"अलग ठेव. पुसलास
तर पुढच्या मार्चात ह्याला ओळखायचा कसा?"

बिल झालं सहाशे. पावती महिन्यानं मिळेल म्हणाले.
फाटकाशी सगुण वाकला, अपराधी चेहऱ्यानं,
माझ्या बुटांवर तेल शिंपडलं:
"रानात लघवीला थांबू नकात, पात्राव."

थांबलो नाही.
तरी घरी पोचल्यावर अंगणातच
मोजे उलटे करून झटकले.
काही नव्हतं.
पुन्हा झटकले.