आटे

खल्फान बिन मुसल्लमच्या तोंडात 'प' बसत नाही.
मी त्याचा बेडनेकर,
आणि त्याच्याकडे एकतीस बिस्तुलं.
सगळी अमेरिकेची. तुर्की नकोत, खंजीर नकोत,
ते भावाकडे आहेत, म्हणायचा.
ह्याला हवीत दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची,
चकमकीची, नाहीतर केपाची.
का, ते पाच वर्षांत मी विचारलं नाही.
लेथवाल्यानं माप विचारावं.

वादी कबीरला आमचं वर्कशॉप:
एका अंगाला ट्रकचे शाफ्ट, दुसऱ्या अंगाला पाण्याचे पंप,
आणि गुरुवारी संध्याकाळी फडक्यात गुंडाळून आलेलं
त्याचं एखादं दुखणेकरी पिस्तूल.
कधी घोडा अर्ध्यावर अडलेला,
बहुतेकदा स्क्रू हरवलेला.

आता हे स्क्रू.
आमच्याकडे भिंतभर गेज टांगलेत,
एकही लागत नाही.
तेव्हाचा कारागीर आपले आटे आपणच पाडायचा;
ह्याचा स्क्रू त्याला चालत नाही,
डावीकडचा उजवीकडे चालत नाही.
मग मी भोकात मेण ओततो,
गार झालं की उलटं फिरवून हळूच काढतो,
भिंगाखाली धरतो.
मेणावर उमटलेला असतो
कुणा मेलेल्या माणसाचा हात.
तिसऱ्या आट्यापाशी तो जरा चुकलाय.
मग मीही तिसऱ्या आट्यापाशी चुकतो.
चुकायला दोन तास लागतात.

एकदा आलं ते केपाचं, आखूड नळीचं,
अक्रोडी मुठीवर खिळ्यानं कोरलेली तीन अक्षरं.
सवयीनं नळीत बांबूची काडी सोडली,
तोंडाशी खूण केली, बाहेरून लावून पाहिली.
दोन बोटं कमी.
साटेलीला बाप ठासणीची बंदूक घेऊन
रात्र रात्र डुकरांवर बसायचा.
त्यानं शिकवलेलं एकच: आधी गज, मग डोळा.

पिस्तूल भरलेलं होतं.

लेथ बंद केला.
पंपवाल्या शाजीला म्हटलं, बाहेर जा.
तो गेला, आणि दोन चहा घेऊन परत आला.
कानातून तेल सोडलं, चार दिवस थांबलो.
खल्फान रोज फोन करायचा,
इस्पितळात कुणी असावं तसा.
पाचव्या दिवशी गजाच्या टोकाला मळसूत्र लावून ओढलं.
गोळी आली, करवंदाएवढी, पांढुरकी,
तिच्याभोवती चिंधी,
आणि मागून दारू, ओल्या तपकिरीसारखी.
चिंधी निळ्या चौकड्याची.
कुणाच्या तरी सदऱ्याची. कापलेली नव्हे,
दातांनी फाडलेली.

खल्फान गोळी बघत राहिला. मी चिंधी.
"मारली का नाही त्यानं?"
"घाबरून भरली असेल, अरबाब.
मग सकाळ झाली असेल."
तो हसला नाही. गोळी खिशात टाकली,
चहाचे पैसे शाजीच्या हातावर ठेवले.

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर तो गेला.
मुलांना जमिनीतलं कळतं.
विकायच्या यादीचे फोटो थोरल्यानं मला दाखवले,
अठ्ठाविसावं, आखूड नळीचं.
खाली छापलेलं: सर्व स्क्रू मूळचे.
त्यातले दोन माझे.
बोलणार होतो. मग चष्मा पुसला.

घेणारा ओहायोकडचा कुणी.
मला इथं राहायचा कागद दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो,
माझे स्क्रू सरळ गेले,
कुठले म्हणून कुणी विचारलं नाही.

चिंधी माझ्याकडे आहे.
सुट्टीत बायकोनं पेटीत पाहिली, म्हणाली, हे कसलं फडकं?
म्हटलं, पुसायचं.

तिकडे कुणी कधी ते पिस्तूल खोलायला घेईल,
तेव्हा तिसऱ्या आट्यापाशी जरा अडेल.
जोर लावू नये.
अर्धा फेरा मागं घ्यावा, मग येतो.