बूच उघडण्याचे पैसे

भाच्याने तिकिटं काढली, दोघींना एकच केबिन.
सावोनाच्या धक्क्यावर एक्स-रेच्या पट्ट्यावरून
एर्सिलियाच्या लोकरी मोज्यात दडलेली बाटली सरकली.
माणशी एक, एवढीच मुभा.
माझी मी वापरली नाही.

वडिलांचा मळा विकला, त्या साली गाळलेली ही शेवटची.
कागदावर सही माझी होती.

तिसऱ्या रात्री, कोर्सिका मागे पडल्यावर,
तिने ती जेवायच्या टेबलावर ठेवली.
रोदेलिओ अदबीने वाकला:
बूच उघडायचे वीस युरो, मादाम.
गावात तीन युरोला जायची.
चार आण्यांची कोंबडी, मी पुटपुटले,
मसाल्याचं तुम्हीच बघा.
एर्सिलिया हसली नाही.

बूच अर्ध्यात तुटलं.
उरलेलं त्याने आत ढकललं,
रुमालातून गाळून ओतलं.
आंबट. पार व्हिनेगर.

तोच बिचारा ओशाळला. बिलातून काढून टाकू का?
'कशाला? उघडलीस ना तू,' ती म्हणाली,
आणि पेला माझ्याकडे सरकवला.
अकरा वर्षांत तिच्या हातून आलेलं
हे पहिलं काही.

बुचाचा चुरा दाताखाली आला.
प्यायले तरी.
मग वीस युरोंवर सही केली,
पुन्हा मीच.