फाटा

इराण्णा कब्बूरनं वजनपावत्यांचा प्रोग्रॅम लिहिला,
नाव ठेवलं तक्कडी.
निपाणीतल्या अकरा वखारी त्यावर तंबाखू तोलतात.
कोड उघडा ठेवला त्यानं: न्या, बदला,
माझं नाव तेवढं पुसू नका.

दोन वर्षं झाली, उत्तर नाही.
कुणी म्हणतं हुबळीला गेला, कुणी म्हणतं कंटाळला.
ओल वजा करताना हिशेब चुकायचा,
तो मी नीट केला
आणि फाटा फोडला.

आता नाव.
भाऊ म्हणाला, तागडी ठेव की,
क चा ग केला की आपलंच होतंय.
एवढ्याशा अक्षरापायी
पाट्यांना डांबर फासलेलं बघितलंय मी.

कोगनोळी फाट्यावर उतरलेला पाहुणा
विचारतो, हेच का कोगनोळी?
नाव गावाचं, गाव आत.
मग पिशवी घेऊन चालतो, उन्हात.

पहिल्या ओळीला हात लावला नाही. तिथं इराण्णा.
खाली मी, तृप्ती चौगुले.
नाव दिलं ओलवजा.
मुनीम हसला, हे काय नाव?
म्हटलं, जेवढं माझं तेवढंच.

त्यानं पावती फाडली.
वर अजून तक्कडीच छापलेलं.
बदलायचं राहिलं, की मीच ठेवलं,
आठवेना.