वजावट

दुकान नंबर अकरा, जुना बाजार, रस-अल-खैमा.
मंगळवारी दुपारी समुद्रापल्याड जमीन हलली
आणि अलीकडे इसहाक हमदुल्यांच्या
शिलाईच्या दुकानात मागची भिंत उसवली.
उसवली, हा शब्द त्यांचा.
माझ्या फॉर्मात 'तडा' आहे,
त्याला लांबी असते, रुंदी असते, खोली असते,
धागा नसतो.

भिंत अरबाची, गिलावा यांचा.
करारात तसंच आहे.
म्हणजे मी फक्त गिलावा तपासायला आलो होतो,
शिवाय माणसाएवढा एक आरसा,
आणि खाली आलेलं अर्धं छत.

बायकोचा फोन आला, दोन वाक्यं बोललो
तर सुई दातात तशीच ठेवून म्हणाले,
'तुमी घाटावरचे काय?'
पाटणचा, म्हटलं. कोयनेकडचा.
'मग तुमाला काय सांगायचं,' म्हणाले
आणि स्टूल पुढं केलं.

नवा तडा ओळखणं सोपं असतं.
कडा धारदार, आत कोरं पांढरं,
बोट फिरवलं की पीठ लागतं.
जुन्यात रंग उतरलेला असतो,
कोळ्यानं संसार मांडलेला असतो.
जुन्याचे पैसे कंपनी देत नाही.
कंपनीला दुःखावर तारीख लागते.

कॅलेंडरच्या मागं एक सापडला,
छतापासून थेट शिलाई मशीनपर्यंत.
मी टेप लावली, आकडा लिहायला घेतला.
'तो नको,' हमदुले म्हणाले,
'तो थोरलीच्या जन्माच्या वर्षीचा.
तवाही हललं होतं. विमा नव्हता तवा.'

टेप सुटली, सर्रकन आत गेली.

आमच्याकडे कुणी तडे मापले नाहीत.
चुलीमागच्या तड्यात रेशनकार्ड राहायचं,
त्याच्या वरच्यात वडिलांचा कंगवा.
मांडणीवरची ताटं आपोआप वाजली की आई म्हणायची,
'घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच,'
आणि भाकरी उलटायची.
ती घटना होती, हे मला इथं येऊन कळलं,
कलम सात वाचल्यावर :
बहात्तर तासांत कितीदाही हलो, घटना एकच.
त्र्याहत्तराव्या तासाला हललं
तर नवी घटना, नवी वजावट.

'वाचून दाखवलं मुलीनं,' हमदुले म्हणाले.
'तीन रात्री घड्याळाकडं बघत बसलो.
म्हटलं, हलायचं तर शुक्रवारच्या दोनच्या आत हल,
माझ्यात नाही दोनदा सोसायची ऐपत.'

हिशेब मी तिथंच मांडला, मांडायचा नसतो तरी.
आरसा, छत, नवे तडे : तीन हजार आठशे दिरहम.
वजावट चार हजार.
देय रक्कम : शून्य.
कॅलेंडरमागचा धरला असता तर सातशे मिळाले असते.
सातशेत आरसा येतो, छोटा.
हे मी बोललो नाही.
कागद त्यांच्याकडं वळवला फक्त.
त्यांनी चष्मा न लावताच वाचल्यासारखं केलं.
'लिवा,' म्हणाले, 'दिसतं ते लिवा.'

मग उठता उठता माझा खिसा पाहिला.
टेपच्या वजनानं कधीचा फाटलेला.
जॅकेट काढून घेतलं, चार टाके, दात, गाठ.
दोन मिनिटं मी सदऱ्यावर उभा,
फुटलेल्या आरशात तीन ठिकाणी.
पाच दिरहम पुढं केले तर हसले :
'ऱ्हाऊ द्या. ही तुमची वजावट.'

'जुना' असं मी भिंतीच्या रकान्यात लिहिलं.
शेऱ्याचा रकाना मात्र
पेन टेकवून तसाच ठेवला.
पोऱ्यानं चहा आणला.
बाहेरून खाणीतला दगड भरलेला ट्रेलर गेला
आणि कप बशीत किणकिणला.

आम्ही दोघांनीही एकदम वर पाहिलं.
मग त्यांनी, सवयीनं,
भिंतीवरच्या घड्याळाकडं.