निव्वळ वजन

डिचोलीच्या खाणीवर मी अकरा वर्षं
वजनकाट्यावर बसलो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधली वजाबाकी.
खाण बंद झाली तेव्हा हातात उरली
एवढीच विद्या,
आणि लाल धुळीनं कायमचा गुलाबी झालेला
एक बनियन.

आता रात्री साडेदहानंतर
मी एका नसलेल्या राज्यात लढाया चालवतो.
नुसत्या अक्षरांच्या. चित्र नाही, आवाज नाही.
एक लिहितो: तलवार उगारली, डाव्या खांद्याच्या रोखानं.
दुसरा वाचतो. चहा ठेवतो. विचार करतो.
मग लिहितो.
फासा मी टाकतो, विसापैकी किती ते सांगतो.
वारा कुठून, चिखल किती, पाळी कोणाची,
ही माझी कामं.

नियम तसे बरेच आहेत, पण
नवा कुणी आला की एकच घोकून घेतो:
वार तुझा. जखम त्याची.
मारलं, एवढं तू लिही. पडला, हे तू लिहू नकोस.
पडायचं की नाही, रक्त किती,
ओरडायचं की ओठ चावायचा,
हे ज्याला लागलं त्यानंच लिहायचं.

म्हापशाचा एक पोरगा, श्रीपाल, पहिल्याच रात्री
चौघांची मुंडकी उडवून मोकळा झाला.
मी म्हटलं, बाबा, परत घे. मुंडकी त्यांची आहेत.
चिडला. गेला.
दुसऱ्या रात्री सगळ्यांच्या आधी हजर.

खरं म्हणजे हा नियम मला घरात कुणी शिकवला नाही.
आमच्याकडं मारणाराच सांगायचा,
एवढं काय लागलं तुला?
मीही सांगितलंय. सुगंधाला, वाढलेल्या ताटासमोर.
तिचं उत्तरसुद्धा मीच लिहून टाकलं,
तिचं रडणं कितपत खरं तेही.
ती आता पेडण्याला असते.

सध्या पुलावर दोघं आहेत.
कुंकळ्ळीचा इनासियो, तारवटी,
जहाजाच्या भटारखान्यात कांदे सोलता सोलता
कुऱ्हाड चालवणारा.
आणि कुडचड्याची फ्लाविया, बँकेत कॅशियर,
खेळात एका डोळ्याची म्हातारी भालाईत.
बारा दिवसांपूर्वी तिनं भाला फेकला.
त्याच रात्री त्याचं जहाज सिग्नलबाहेर गेलं.

भाला हवेत आहे.

तीन दिवस झाले की निकाल मी देऊ शकतो.
फासा टाकून ठेवलाय. एकोणीस.
स्टीलच्या वाटीखाली झाकलाय,
कुणाला सांगितलेलं नाही.
फ्लाविया रोज विचारते, आला?
नाही, मी लिहितो.
मग राहूं दी वर, ती लिहिते, म्हातारीला घाई नाही.
श्रीपाल म्हणतो, मारून टाकूया ना त्याला, कंटाळा आला.
त्याला मी पुलाखाली मशाल धरायला उभा केलाय.
नदीचं पाणी रोज एक बोट चढवतो,
तेवढंच काहीतरी घडल्यासारखं.

काल वीज गेली. काळोखात बसल्या बसल्या
जुन्या सवयीनं हिशेब मांडून बघितला:
फेकलेला भाला, उणे लागलेला भाला.
जमलं नाही. एक आकडा
समुद्रावर होता.

आज पहाटे चार सत्तावीसला, कुठल्याशा बंदरातून,
इनासियोच्या तीन ओळी.
मागं वळतो. भाला येताना दिसतो.
सरकायला जागा आहे.
सरकत नाही.

फ्लाविया अजून उठलेली नसणार.
मी काहीच लिहिलं नाही, पाळी माझी नव्हती.
वाटीही उचलली नाही.
सकाळी पातळभाजीला
दुसरी घेतली.