तिसरी तार

देवांगना फुलझेले रिक्षा ढकलत आली,
इंदोऱ्यापासून थेट पाचपावलीच्या पुलाखाली,
मे महिन्यात, दुपारी दीडला.
तोंडाला दुपट्टा, आणि दुपट्ट्यातून एवढंच:
"भाऊ, बंद पडली त पडली,
पण ढकलू बी देत नाही न बाप्पा.
बसलेल्या बैलावानी करते."

मी चावी मागितली नाही.
सीट उचलली, कंट्रोलरच्या तीन जाड तारा
(पिवळी, हिरवी, निळी) सोडल्या
आणि म्हटलं, आता ढकला.

रिक्षा अशी सुटली
की ती जवळजवळ रसवंतीत शिरली.

परत आली ती चिडूनच.
चावी माह्यापाशी, बॅटरी बंद,
मंग इतका वेळ अडवत कोण होतं?

ढकललेली मोटर वीज बनवते, बाई.
घाम तुमचा, वीज तुमची.
आत एक मॉसफेट जळून आरपार झालाय,
वीज त्यातून वळसा घालून आली
आणि तुमचंच चाक मागं ओढत बसली.

"म्हंजे माह्याच जोरानं मले अडवलं?"
हाव.
यावर ती हसली. मग तांब्याभर पाणी प्याली.

ॲल्युमिनियमची पेटी उघडली. तोच वास.
रांगेत एकाचं पोट फुटलेलं,
शेजारचा वरून ठणठणीत; मीटर म्हणालं, तोही गेला.
ती स्टुलावर बसून बघत होती,
म्हणून मी बोलत राहिलो. एरवी बोलत नाही.

तारा तीन, दारं सहा.
तीन बॅटरीकडून आत येणारी, तीन परत नेणारी.
एका वेळी एक येण्याचं उघडतं, एक जाण्याचं,
तेही सलग नाही, सेकंदाला हजारो वेळा उघडमीट;
तुमची मूठ जेवढी पिळलेली, तेवढं जास्त उघडं.
पण एकाच तारेची दोन्ही दारं
एकत्र उघडायची नाहीत. कधीच नाही.
हफीज उस्ताद म्हणायचे, आधी लाव, थांब, मग उघड.
तो थांबा इतका लहान
की पापणीत लाखभर मावतील,
आणि तेवढा चुकला की हे असं पोट फुटतं.

कोणतं दार कधी, हे सांगायला
चाकाच्या आत तिघं बसलेत,
चुंबक समोरून गेला की हो, नाही तर नाही.
तिघांचं एकमत कधी होत नाही.
झालंच, तर उस्ताद आधी पाचही बारीक तारा चाचपायचे:
सगळे हो म्हणतायत ना, मग कुठंतरी तुटलंय.

"अन् तार तिसरी? दोघी काम करतात तवा?"

हे मला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
तिसरी रिकामी असते. फक्त थरथरते,
फिरणारा चुंबक तिच्यावर जे लिहितो त्यानं.
काही कंट्रोलर तेवढंच ऐकून गाडी चालवतात,
आतले तिघं नसले तरी.
मात्र चाक थांबलेलं असेल
तर तिच्याकडे सांगायला काही नसतं.

त्या पायाचे सगळेच मॉसफेट बदलले,
जुन्या-नव्याचं जमत नाही एका ओझ्याखाली.
जॅकवर चाक उचललं, मूठ हलकेच पिळली.
आधी गचका. मग बारीक सूर. मग नुसता वारा.
"आता कोनती रिकामी हाय?"
निळी, असं म्हणेपर्यंत पिवळी झाली होती.

साडेचारशे झाले. तिनं चारशे दिले,
पन्नास संध्याकाळी, म्हणाली,
आणि फुटलेला मॉसफेट टेबलावरून उचलून
दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारली.
"घरी पोराईले दाखवतो,
कोन ढकलू देत नव्हता थे."

कमाल चौकाकडे वळेपर्यंत
तो सूर कुलरच्या घरघरीवर ऐकू येत होता.
पन्नास रुपये अजून यायचेत.