सुळा

एकतीस वर्षं मी खोटे दात केले.
मेणात मांडायचे, प्लास्टरात दाबायचे,
हिरडीचा गुलाबी जुळवायचा
आणि एखादा दात मुद्दाम जरासा तिरका लावायचा.
सरळसोट रांग कोणालाच खरी वाटत नाही.
हे मला ठाऊक होतं.
हे त्यांनाही ठाऊक होतं.

पहिला मेसेज चुकून आलेला.
"डॉक्टर परुळेकर ना? मांजर कालपासून काही खात नाही."
राँग नंबर, मी लिहिलं. आणि राहवेना म्हणून,
दहीभात देऊन बघा.
दुसऱ्या दिवशी मांजर जेवलं.
मांजराचा मालक उदयन, व्हँकुव्हरला आर्किटेक्ट,
बायको जाऊन सहा वर्षं.
माझे यजमान जाऊन सात.
एवढं जुळलं की माणूस पुढचं मोजत नाही.

फोटो आले तीन.
बर्फातल्या फोटोत डावा सुळा टोकाला तुटका.
बोटीवर तोच सुळा अखंड.
नातीच्या वाढदिवसाला परत तुटका.
दिसलं. पहिल्याच रात्री दिसलं.
म्हटलं, बसवून घेतला असेल, पडला असेल,
कोणी बसवला, काय मटेरियल वापरलं,
याचाच विचार करत झोपले.

व्हिडिओला त्याचा कॅमेरा कायम बिघडलेला.
आवाज यायचा तो रेकॉर्ड केलेला:
"यामिनी, कालजी घे."
नवी कवळी बसवली की आम्ही पेशंटला म्हणायला लावायचो,
केळं, बाळ, कमळ.
जीभ मागे वळायला जागा आहे का ते कळायचं.
त्याच्या जिभेला जागाच नव्हती.
मला वाटलं, परदेशात राहून झालं असेल.
खरं सांगू? मला ते गोड वाटलं.

पैसे त्याने कधी मागितले नाहीत.
हे मी पोलिसांना तीनदा सांगितलं.
त्याने फक्त स्वतःचे दाखवले.
क्रिप्टोचं ॲप, हिरवे आकडे, झोपेतही वाढणारे.
मी पाच हजार घातले, चारशे सुटले,
काढले तर खरंच खात्यात आले.
त्या चारशेचं मी पापलेट आणलं
आणि तळताना त्याला फोटो पाठवला.

मग लाख. मग एफडी.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, कशासाठी मोडताय?
घराचं काम काढलंय, मी म्हटलं.
हे उत्तर त्याने आदल्या रात्रीच पाठ करून घेतलं होतं.
स्क्रीनवर एकवीस लाख झाले.
काढायला गेले तर म्हणे आधी टॅक्स भरा.
त्यातूनच कापून घ्या ना? तसं होत नाही म्हणे.
माझंच ताट, माझाच भात,
आणि पहिल्या घासाआधी मीच पंगतीचे पैसे द्यायचे?

तो बुधवार होता. खाली माहीमच्या चर्चला नोव्हेनाची रांग.
लोक मेणाचं घर वाहतात, मेणाचं बाळ, मेणाचे पाय.
मी खिडकीत उभी राहून बराच वेळ बघत होते.
त्यांना माहीत असतं की ते मेण आहे.

रात्री त्याला लिहिलं,
एकदा म्हण, माझ्यासाठी. केळं, बाळ, कमळ.
निळ्या खुणा उमटल्या.
उत्तर आलं, "प्रिये, टॅक्सची मुदत उद्या संपते."

एक नऊ तीन शून्य लावला. दुसऱ्या दिवशी चौकी.
हवालदार पोरगेलासा, कान टोचलेला,
म्हणाला, मावशी, डोळे उघडे ठेवायला हवे होते.
उघडेच होते रे. सगळं दिसत होतं.
सात वर्षांत कोणी विचारलं नव्हतं
की आज काय जेवलीस.

त्याने फॉर्म पुढे सरकवला.
आरोपीचे नाव: मी रिकामं ठेवलं.
पत्ता: रिकामा.
ओळखीची खूण.
इथे मात्र हात थांबला नाही,
लॅबच्या वहीत लिहायचे तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं:
वरचा डावा सुळा.
कधी तुटका, कधी अखंड.